किंवा तत्सम

माझ्या आयुष्यातला पहिला घाट मी एसटीच्या खिडकीतून पाहिला. कराडहून चिपळूणला निघालेली गाडी, मे महिना, कुंभार्लीची उतरण आणि खिडकीच्या गजाला नाक लावून बसलेला आठ वर्षांचा मी. एका अंगाला दरी, दरीच्या तळाशी काड्यापेटीएवढी घरं, आणि पुढे खाकी कपड्यांतला एक माणूस ते भलंथोरलं चाक जात्यासारखं गरागरा फिरवतोय. त्याच दिवशी मी ठरवून टाकलं, की मोठेपणी ते चाक आपण धरायचं आणि हा घाट पोटभर बघायचा. या वाक्यात काहीतरी चुकतंय हे कळायला मला पुढची चव्वेचाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात माझ्याकडे गाडी आली, पण ती घाटाची नव्हती. सपाटीवर गुणी. चढ लागला की मात्र तिच्या पोटात गोळा यायचा. गेल्या खेपेला खंबाटकीत तिनं बॉनेटमधून अशी वाफ काढली, की मागचा टेम्पोवाला खाली उतरून म्हणाला, ‘काका, दोन कटिंग द्या.’ तेव्हापासून आमच्या घरात घाट हा शब्द काढायचा नाही असा अलिखित नियम होता. तो या वर्षी कन्येनं मोडला. ‘बाबा, भाड्याची गाडी घेऊ या ना. ड्रायव्हर नको. तुम्हीच चालवा. तीन दिवस, मस्त वळणावळणाचे रस्ते, खाली समुद्र!’

एवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत सगळं सोपं होतं. मग कमिटी बसली.

कमिटीत आम्ही घरातले चौघं: मी, ही, कन्या आणि आई. शिवाय फोनवरून साडू. साडू हे आमच्या सगळ्या बैठकांचे कायम निमंत्रित. ते एकदा स्वतः गाडी चालवत लडाखला गेले होते आणि मनानं अजून परत आलेले नाहीत. बोलणं गॅस सिलेंडरवरून सुरू होवो की कुणाच्या मुंजीवरून, पाचव्या मिनिटाला खारदुंग ला येतो. त्या खिंडीत वर्षानुवर्षं १८,३८० फूट उंचीची पाटी मिरवत होती. नीट मोजल्यावर ती खिंड भरली ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट. साडूंचं कुठलंही विधान ऐकताना मी मनातल्या मनात तेवढे आठशे फूट वजा करतो. नातं टिकतं.

‘पहाटे चारला निघा,’ साडू म्हणाले. त्यांच्या आयुष्यात जे जे चांगलं घडलं ते पहाटे चारला निघाल्यामुळे. ‘आणि ताम्हिणी वगैरे काय घेऊन बसलात? ते सहलीचे घाट. अनुस्कुरा करा. खरा रोमांच!’

‘तिथं बाथरूम आहे का?’ आईनं विचारलं.

फोन क्षणभर गप्प झाला. खारदुंग लावर त्यांना हे कुणी विचारलं नसावं.

कन्येनं लॅपटॉपवर तक्ता उघडला. डावीकडे घाटांची नावं, वर रकाने. तिचा रकाना होता ‘वळणं’ आणि त्याच्या शेजारी ‘फोटो’. हिचा रकाना ‘रस्त्याची अवस्था’. आईनं एकाच रकान्यात ‘देव व बाथरूम’ अशी दोन्ही सोयींची बेरीज करून घेतली. माझा रकाना ‘खर्च’, आणि तो सगळ्यांत शेवटी, म्हणजे स्क्रीन सरकवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. तासाभरात तक्ता भरला आणि त्यातून एक भौगोलिक सिद्धान्त हाती आला: सह्याद्रीत वळणांची संख्या आणि बाथरूमची संख्या यांचं प्रमाण व्यस्त असतं.

मग एकेका घाटाची सुनावणी झाली. वरंधा भोरहून महाडकडे उतरतो. खाली शिवथरघळ, जिथं समर्थांनी दासबोध लिहिला असं मानतात, म्हणून आईचं मत लगेच पडलं. पण पावसाळ्यात या घाटाची बातमी येते ती बहुतेक ‘बंद’ या शब्दासकट येते, म्हणून हिनं ते बाद केलं. आंबेनळी महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरतो, वाटेत प्रतापगड. कन्या खूश. पण ही म्हणाली, ‘महाबळेश्वरातून चणे आणि चपला घेतल्याशिवाय आपण कधी बाहेर पडलोय? घाट बघायला पोचेपर्यंत अंधार होईल.’ हा मुद्दा नकाशावर नव्हता, पण बिनतोड होता. माळशेज उलट्या दिशेला. आंबोली फार लांब. तिथं जायचं तर माघारी येण्यासाठी चौथा दिवस लागणार आणि चौथ्या दिवसाचं भाडं माझ्या रकान्यात पडणार.

‘आणि बोरघाट?’ मी आपलं विचारलं.

‘बाबा, तो घाट नाही, टोल आहे,’ कन्या म्हणाली.

तिला वाटलं तिनं नवं काही सांगितलं. वास्तविक घाट आला की टोल आला, ही आपल्याकडची दोन हजार वर्षांची रीत आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला दगडी रांजण अजून उभा आहे, आणि घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. फास्टॅगमध्ये आणि त्यात फरक एवढाच, की रांजणातली शिल्लक डोळ्यांनी दिसत असणार. बोरघाटातही अजून गाड्यांतून नाणी पडतात, ती शिंग्रोबाच्या देवळापुढे. शिंग्रोबा हा धनगर. गोऱ्या इंजिनिअरांना डोंगरातून वाट सापडेना, ती त्यानं दाखवली आणि बक्षीस म्हणून त्यांनी त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. वाट दाखवणाऱ्याशी वागण्यात आपण तेव्हापासून बरेच सुधारलो आहोत. हल्ली मोबाइलमधल्या बाईंना आम्ही नुसतं घालूनपाडून बोलतो.

शेवटी ताम्हिणीनं उतरायचं आणि कुंभार्लीनं चढायचं असं ठरलं. कुंभार्लीसाठी मी कुठलंही कारण दिलं नाही. नुसता आवाज चढवला. मधे हरिहरेश्वर आणि गुहागर असे दोन मुक्काम. आता प्रश्न राहिला तो खालच्या प्रवासाचा. सरळ मुंबई-गोवा महामार्ग धरावा, असं मी सुचवताच सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले. त्या महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं २०११ साली. तेव्हा कन्या बालवाडीत होती. आता तिच्याकडे गाडीचं लायसन्स आहे आणि महामार्गाकडे अजून कारणं आहेत. ‘रोमांच हवाय हो,’ ही म्हणाली, ‘पण इतका नको.’

त्यामुळे किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं. पण कोकणात किनाऱ्यानं जायचं म्हणजे दर काही कोसांवर खाडी आडवी येते. बागमांडल्याला सावित्रीची, दाभोळला वाशिष्ठीची. तिथं गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे न्यायची. तिकडे तिला जंगलजेटी म्हणतात. दाभोळला समोर दिसणाऱ्या धोपाव्याला रस्त्यानं जायचं म्हटलं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा. बोटीनं दहा-पंधरा मिनिटं. नकाशावर बोट ठेवून कन्या म्हणाली, ‘बाबा, इथं रस्ता संपतो आणि मग परत सुरू होतो.’ मला ते फार आवडलं. म्हणजे, मधलं अंतर किलोमीटरमध्ये धरत नाहीत म्हणून आवडलं.

मुहूर्ताचा प्रश्न राहिला. पावसाळ्यात दरडी, गणपतीत गर्दी, दिवाळीत बुकिंगचे दर, उन्हाळ्यात घाम. हिरवळ आहे, धबधब्यांत थोडं पाणी आहे, पठारावर सोनकी फुलली आहे आणि हॉटेलवाले फोन पहिल्या रिंगला उचलताहेत, असे वर्षात पंधराच दिवस असतात, आणि तो पितृपक्ष.

‘पितृपक्षात नवी वस्तू दारात आणत नाहीत,’ आई म्हणाली.

‘आई, वस्तू भाड्याची आहे. तीन दिवसांनी परत जाणार.’

‘पण नवी आहे ना?’

‘नवी कसली! शेकडो लोकांनी चालवून झालीय.’

आईला हे पटलं आणि नेमक्या त्याच कारणानं हिच्या पोटात धस्स झालं.

गाडी बुक करणं हे घाट निवडण्यापेक्षा अवघड निघालं. चित्रात एक तांबडी, टपोऱ्या डोळ्यांची गाडी होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘किंवा तत्सम’. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, की जो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला तो तत्सम, आणि येताना वाटेत ज्याचं रूप पालटलं तो तद्भव. भाड्याच्या धंद्यात हे व्याकरण उलटं चालतं. सकाळी आम्हाला जी मिळाली ती पांढरी, पायानं अधू आणि पूर्णपणे तद्भव होती. पण ते नंतर.

आधी करार. करार अकरा पानांचा. आमच्या लग्नात याच्या दशांशानं अटी नव्हत्या. दहा हजार डिपॉझिट. तीन दिवसांत ६०० किलोमीटर. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १२ रुपये. गाडीत सिगारेट ओढल्यास दंड, पाळीव प्राणी नेल्यास दंड, आत कुणाला उलटी झाल्यास साफसफाईचे वेगळे. हे वाचताना सगळ्यांनी कन्येकडे पाहिलं. वळणांचा रकाना तिचा होता खरा, पण लहानपणी शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंतसुद्धा तिला गाडी लागायची.

‘आता नाही लागत,’ ती म्हणाली. आईनं काही न बोलता आवळासुपारी, आलेपाक, लिंबं आणि कॅरीबॅगांची चळत पिशवीत भरली.

सातव्या पानावर एक कलम होतं: गाडी फक्त रस्त्यावर चालवावी, रस्ता सोडून अन्यत्र नेल्यास विमा लागू नाही आणि डिपॉझिट जप्त. मी तिथं अडलो. बोट म्हणजे अन्यत्र का? मी कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक गोड आवाज आला.

‘ताई, तुमची गाडी पाण्यातून न्यायची का?’

‘सर, गाडी पाण्यात नेता येणार नाही. इंजिन बंद पडेल.’

‘पाण्यात नाही हो. पाण्यावरून.’

‘सर, पुलावरून चालेल.’

‘पूल नाहीये. बोट आहे. गाडी बोटीवर उभी राहील, बोट चालेल. गाडी चालणार नाही.’

‘सर, गाडी चालत नसेल तर आपल्याला ब्रेकडाउनला कनेक्ट करू का?’

पुन्हा संगीत. मग जरा वयस्क, जरा कमी गोड आवाज आला आणि म्हणाला, ‘सर, गाडी रस्त्यावरच चालवायची,’ आणि फोन ठेवला. मी करारावर सही केली. सही करताना मनात म्हटलं, रस्ता किंवा तत्सम.

गाडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. साडूंना आम्ही चार सांगितले. कंपनीचा मुलगा म्हणाला, ‘काका, आधीचे ओरखडे बघून घ्या, म्हणजे नंतर वाद नको.’ मग आम्ही दोघं त्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालत तिच्या जन्मखुणा टिपू लागलो. डाव्या दारावर चार, मागच्या बंपरवर सहा, उजव्या आरशाखाली एक बारीक, चंद्रकोरीसारखा. एकूण सतरा. कन्येनं सगळ्याचा व्हिडिओ काढला. इतक्या बारकाईनं मी माझी स्वतःची गाडीही कधी पाहिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर बायकोलाही नाही. ‘सतरा,’ त्यानं लिहिलं. ‘अठरावा दिसला तर तुमचा.’

एवढ्यात आई पुढे झाली आणि तिनं चारही चाकांखाली लिंबं ठेवली.

‘आजी, डाग पडेल,’ मुलगा कळवळला.

‘टायरला?’

त्याच्या यादीत टायरचा रंग नव्हता, म्हणून तो गप्प बसला. नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला अशी पाटी असते. तिचा अर्थ मात्र रस्त्यावर फार थोड्यांना ठाऊक असतो, हे पुढे कळणार होतं.

मुळशीचं पाणी उजव्या हाताला लागलं आणि मागच्या सीटवरून पहिली आरोळी आली, ‘बाबा, बघा बघा, काय सुंदर!’

मी मान वळवली.

‘अहो, रस्त्याकडे बघा!’ ही ओरडली.

पुढचे तीन दिवस मला या दोनच सूचना मिळत होत्या. बघा बघा. रस्त्याकडे बघा. ताम्हिणी उतरताना डोंगराच्या कड्यावरून म्हणे दुधासारखे ओघळ पडत होते. म्हणे, कारण मी ते पाहिले नाहीत. मी पाहिलं ते असं: डांबर, डांबराची कड, कडेचा पांढरा कठडा, पुढच्या टेम्पोचं मागचं फळकूट आणि त्यावरची ‘बघतोस काय, मुजरा कर’ ही पाटी. एका जागी रस्त्याच्या कडेला ‘पुढे धोकादायक वळण आहे’ असं लिहिलं होतं. ते वळण मी अत्यंत बारकाईनं पाहिलं. त्याच्या पलीकडे दरी होती का, आभाळ होतं का, हे घरी आल्यावर फोटोत कळलं.

शिवाय मी नियमांचा माणूस. अरुंद घाटात उतरणाऱ्यानं बाजूला थांबून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा कायद्यातला नियम आहे आणि तो मला तोंडपाठ. त्यामुळे वर येणारी प्रत्येक एसटी, प्रत्येक ट्रक आणि एकदा तर म्हशींचा एक तांडा मी अदबीनं पुढे जाऊ दिला. माझ्यामागे रांग लागली. रांगेतल्या लोकांना हा नियम पाठ नसावा. हॉर्नच्या भाषेत ते मला दुसरंच काहीतरी शिकवत होते. उतारावर गिअरही मी दुसराच ठेवला होता. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण. इंजिन घुरघुरत होतं आणि गाडीतले तीन जण त्याला साथ देत होते. गाडीत ब्रेक एकच असतो, पण प्रत्येक वळणाला तो दाबणारे पाय सहा जास्त होते. आईच्या पायाखालची रबरी चटई तर करारातल्या ओरखड्यांत धरावी लागेल इतकी झिजली.

तिसऱ्या मोठ्या वळणाला कन्या बारीक आवाजात म्हणाली, ‘बाबा, जरा हळू.’ पाचव्याला म्हणाली, ‘आजी, लिंबू.’ आठव्याला गाडी थांबवली. कॅरीबॅग वेळेत उघडली गेली आणि साफसफाईचे पैसे वाचले. कठड्यावर बसून ती सुकलेल्या तोंडानं म्हणाली, ‘वळणं जरा जास्तच आहेत.’ तक्त्यातला तो रकाना तिनं तिथंच बंद केला.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा माझे हात स्टिअरिंगच्या आकारात वळलेले होते. खानावळीच्या अंगणात मी गाडी लावली. बाकीचे उतरून आत गेले, मी सामान काढून मागून गेलो. मालकांनी एकदा गाडीच्या काळ्या-पिवळ्या पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अत्यंत आपुलकीनं म्हणाले, ‘ड्रायव्हरदादा, तुमचं पान मागच्या पडवीत मांडलंय. झोपायला खाट आहे. पंखा मात्र नाही हां.’

मी आत पाहिलं. आतून ही माझ्याकडे बघून हसत होती आणि काहीच बोलत नव्हती. मागच्या पडवीत खरंच दोन ड्रायव्हर जेवत होते. सोलकढीचे तांबे भरलेले, सुरमईचा तुकडा आतल्यापेक्षा मोठा. मी तिथंच बसलो. ‘कुठून उतरलात?’ एकानं विचारलं. ‘ताम्हिणी,’ मी म्हणालो. ‘कसा आहे घाट आता?’ यावर मी डांबर, खड्डे, कठडे, दोन बुजलेली गटारं यांची तपशीलवार माहिती दिली. तो समाधानानं मान डोलावत राहिला. धबधब्यांबद्दल त्यानं विचारलं नाही. तोही बिचारा ड्रायव्हर. त्यानंही ते कधी पाहिले नसावेत.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला बोटीची फळी खाली पडली आणि एक पोरगा हात नाचवत मला आत घेऊ लागला. ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स!’ सातवं पान डोळ्यांपुढे नाचत होतं. सगळे उतरून कठड्याशी गेले, मी मात्र हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, शिवाय ब्रेकवर पाय ठेवून आतच बसलो. गाडी पाण्यात गेलीच तर डिपॉझिटसोबत आपणही जावं, इतका कराराशी प्रामाणिक. सावित्री ओलांडली ती समोरच्या जीपच्या स्टेपनीकडे बघत. मग केळशी, आंजर्ले, हर्णै. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून एक गाडी जेमतेम जाईल असा रस्ता, त्यात समोरून विटांचा ट्रॅक्टर. आईला कड्यावरचा गणपती भेटला. मला अठरावा ओरखडा भेटता भेटता राहिला.

दाभोळला पोचेस्तोवर उन्हं उतरली होती. पुन्हा फळी, पुन्हा ‘येऊ द्या, येऊ द्या’. गाडी लावली, हँडब्रेक ओढला. मी तसाच चाक धरून बसलेला पाहून बोटीवरचा पोरगा काचेवर टकटक करत म्हणाला, ‘काका, उतरा की. इथं तुम्हाला काय काम आहे?’

दोन दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी उतरलो.

बोट निघाली. लोखंडी जिन्यानं वर गेलो आणि कठड्याला रेलून उभा राहिलो. दोन्ही हात मोकळे. समोर वाशिष्ठीची खाडी, इतकी रुंद की नदी संपून समुद्र कुठं लागला ते कळू नये. मागे दाभोळची कौलं मागे मागे जात होती. समोरच्या तीरावर वीज प्रकल्पाची धुराडी. नाव आयुष्यभर ऐकलं दाभोळचं, आणि उभा गुहागरकडच्या काठावर. माझ्या शेजारी एक म्हातारबुवा विडी विझवून उभे होते. ते म्हणाले, ‘या खाडीत कोयनेचं पाणी आहे बरं का.’ खरंच होतं ते. कोयना जन्मते महाबळेश्वरात आणि कराडला कृष्णेला मिळून पार बंगालच्या उपसागराला जायला निघते. पण धरणाच्या पाण्याला इंजिनिअरांनी डोंगराच्या पोटातून बोगदे काढून दिले, त्याच्याकडून वीज करून घेतली आणि उलट्या दिशेला वाशिष्ठीत सोडलं. उद्या जो घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये घाम गाळत चढणार होतो, तो हे पाणी एकही वळण न घेता, कुणालाही साइड न देता उतरून आलं होतं.

मी बघत होतो. कुणी ‘बघा बघा’ म्हणालं नाही. कुणी ‘रस्त्याकडे बघा’ही म्हणालं नाही, कारण रस्ता नव्हताच. खाली आमची पांढरी तद्भव सतरा ओरखड्यांनिशी उभी होती, तिच्या काट्यावर एक मीटरसुद्धा चढत नव्हता, आणि तरी आम्ही चाललो होतो. ही बाजूला येऊन उभी राहिली. ‘काय बघताय एवढं?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘खिडकी मिळाली.’ तिला काही कळलं नाही. आठ वर्षांच्या मुलाला ते लगेच कळलं असतं.

दहा-पंधरा मिनिटांत धोपावं आलं आणि मी पुन्हा ड्रायव्हर झालो.

कुंभार्ली घाट तिसऱ्या दिवशी आला. चव्वेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो घाट मी स्वतः चाक धरून चढलो आणि तो पूर्ण घाट मला एका टँकरच्या पाठीमागून दिसला. टँकरवर ‘अतिज्वलनशील’ असं लिहिलं होतं, त्यामुळे नजर हटवायची सोय नव्हती. एका अरुंद वळणावर वरून एसटी आली. मी सवयीनं बाजूला घेऊ लागलो, तेवढ्यात तीच थांबली. चढणाऱ्याला आधी वाट! आतल्या खाकी माणसानं मला हातानं ‘चला’ अशी खूण केली. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी सांगणार नाही, कारण लगेच क्लच सोडावा लागला. जाता जाता तिच्या तिसऱ्या खिडकीत गजाला नाक लावून बसलेलं एक पोरगं दिसलं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. माझ्या डोक्यावरून पलीकडे, दरीत बघत होतं.

वर पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, कमरेवर हात ठेवले आणि मागे वळून पाहिलं. धुकं होतं.

‘कसा होता घाट?’ मी घरच्यांना विचारलं.

‘अप्रतिम!’ तिघी एका सुरात म्हणाल्या.

रात्री गाडी परत केली. काट्यावर ६३२ किलोमीटर. वरच्या ३२ किलोमीटरचे ३८४ रुपये भरले. कंपनीच्या मुलानं टॉर्च घेऊन ओरखडे मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. मग म्हणाला, ‘काका, सोळाच आहेत.’

‘मग चांगलंच आहे की!’

‘चांगलं कसं? लिस्टमध्ये सतरा आहेत. एक कुठं गेला?’

आम्ही व्हिडिओ काढला. उजव्या आरशाखालची ती चंद्रकोर गायब होती. ओरखडा नव्हताच तो. कुठल्याशा पक्ष्याची कृपा होती आणि घाटातल्या पावसानं ती धुऊन नेली होती. पण रजिस्टरमध्ये ओरखडा वाढण्याचा रकाना होता, कमी होण्याचा नव्हता. शेवटी त्यानं साहेबांना फोन केला आणि सोळा ओरखड्यांवर तडजोड झाली.

‘आता एवढा फीडबॅक भरून द्या,’ तो म्हणाला आणि स्वतःच मोबाइलवर भरू लागला. ‘गाडी कशी वाटली? चांगली. सेवा? चांगली. प्रवासातला सगळ्यांत आवडलेला रस्ता?’

‘दाभोळ ते धोपावे,’ मी बोलून गेलो.

त्यानं नकाशा उघडला. बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

‘काका, इथं तर रस्ताच नाहीये. नुसतं पाणी दाखवतंय.’ मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ‘गाडी कुठून नेलीत तुम्ही?’

टेबलावर माझ्या दहा हजारांच्या पावतीशेजारी तो करार पडला होता. पंख्याच्या वाऱ्यानं त्याची पानं फडफडत फडफडत नेमकी सातव्यावर येऊन थांबली.

‘ताम्हिणी,’ मी म्हणालो. ‘ताम्हिणी लिहा. काय ते धबधबे! अगदी दुधासारखे!’